फलकावर साल कोणते घालायचे? वळिवडे स्थानकाच्या इतिहासाचे एक प्रकरण

या प्रकरणातली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची नावे आणि काही तपशील वगळले आहेत. इतिहासातली नावे आणि साले मात्र जशीच्या तशी आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूरला लोकल नाही, मेट्रोही नाही. उपनगरी म्हणावी अशी आपली गाडी एकच, कोल्हापूर–मिरज मार्गावरची पॅसेंजर. कोल्हापूरहून निघाले की गुळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. मिरजेला दवाखान्यात निघालेली माणसे, सांगलीला कॉलेजला जाणारी पोरे, गांधीनगरच्या कापडपेठेत कामाला येणाऱ्या बायका यांची ही गाडी.

यातल्या वळिवडे स्थानकाच्या आजूबाजूला कोल्हापूरच्या इतिहासातले तीन मोठे धागे एकमेकांत गुंतले आहेत. पहिला धागा संस्थानच्या रेल्वेचा. दुसरा पोलिश निर्वासितांच्या छावणीचा, जी १९४३ ते १९४८ या काळात इथे होती. तिसरा फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांचा. रिकाम्या झालेल्या छावणीत ती राहायला आली आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. एवढे असूनही स्थानकावर उतरणाऱ्याला यातले काही कळत नाही. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव दिसते, तेवढेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली आणि छावणीचा विषय घरोघरी पोहोचला. त्यानंतर काही दिवसांतच परिसरातली सात-आठ माणसे एकत्र आली. निवृत्त मुख्याध्यापक, कापडाचे व्यापारी, एक प्राध्यापक ताई, रेल्वेतून निवृत्त झालेले ट्रॅकमन मामा आणि एक-दोन तरुण कार्यकर्ते. स्थानकावर इतिहासाचा फलक लावायचा आणि अनावरण २६ जूनला शाहू जयंतीला करायचे, असे ठरले. खर्च व्यापारी शेठ करणार होते. माझ्याकडे मजकूर तपासण्याचे काम होते.

अडचण

पहिला मसुदा एका कार्यकर्त्याने रात्रीत लिहून आणला. भाषा उत्तम होती, आणि फिरत्या मेसेजमधून जमा झालेली सगळी गफलतही त्यात होती. पहिली दोन वाक्ये अशी: ‘राजर्षी शाहू महाराजांनी १८९१ साली सुरू केलेल्या या स्थानकावर दुसऱ्या महायुद्धात पाच हजार अनाथ पोलिश मुले उतरली. महाराजांनी त्यांना मायेने आसरा दिला.’

वाचायला छान वाटते. पण शाहू महाराज १९२२ साली निवर्तले आणि छावणी १९४३ ची. दुसऱ्या वाक्यातले महाराज म्हणजे जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला पोलिश मुलांची छावणी उभी केली. तिथे मुख्यतः अनाथ किंवा आई-वडिलांपैकी एकच उरलेली मुले होती, आणि त्यांची संख्या हजाराच्या आसपास. वळिवड्याची छावणी वेगळी होती. इथे सुमारे पाच हजार माणसे होती, बहुतांश बायका, मुले आणि वयस्कर. भारतातली ही सर्वांत मोठी पोलिश वसाहत. तिचा खर्च लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारचा होता आणि व्यवस्था भारत सरकारच्या देखरेखीखाली. जागा करवीर संस्थानच्या हद्दीतली, पण त्या वेळी गादीवरचे छत्रपती अगदी लहान बाळ होते. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आणि दोन्हींचे नुकसान झाले. बालाचडीच्या मुलांचे अनाथपण पुसट झाले आणि वळिवड्याला पोरे घेऊन एकट्या निभावलेल्या आया गायबच झाल्या. सोव्हिएत हद्दीत हद्दपारी भोगून, इराणमार्गे, हजारो मैलांवरून या बायका आल्या होत्या. त्यांना फलकावरून वगळणे मला फार लागले.

मसुद्यात सिंधी कुटुंबांबद्दल एकच ओळ होती: ‘पुढे येथे गांधीनगर वसले.’ कोणी वसवले, कुठून येऊन, काय सोडून, याचा पत्ता नाही. आज स्थानकाला जी काही वर्दळ आहे ती या पेठेमुळे आहे, हे शेठनी बैठकीत अगदी हळू आवाजात सांगितले. खर्च तेच करत होते, म्हणून त्यांना ते सांगायला संकोच वाटत होता.

निर्णयाचा पहिला टप्पा: साल

‘स्थापना १८९१’ हे शब्द फलकाच्या मथळ्यात होते. १८९१ हे मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्याचे साल आहे, यात वाद नाही. कोल्हापूर संस्थानने स्वतःच्या खर्चाने बांधलेला हा २९ मैलांचा मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी चालवत असे. पण मार्गाचे साल म्हणजे त्यावरच्या प्रत्येक स्थानकाचे साल नव्हे. गाव वाढते, माल वाढतो, मागणी होते आणि मागाहून थांबा मिळतो, हे रेल्वेत नेहमीचे आहे. गुळ मार्केटचा थांबा घ्या. त्याचे नावच सांगते की आधी बाजार आणि मग थांबा.

पुरावा शोधताना एक गोष्ट हाताशी आली. मामांनी आम्हाला लाईनच्या कडेला कुंपणात रोवलेला जुन्या रुळाचा तुकडा दाखवला. आजच्या रुळापुढे तो अगदीच किडमिडीत. त्यांनी तारेच्या ब्रशने रुळाची मधली उभी पट्टी घासली. गंजाचा लाल भुगा खाली पडला आणि उठावाची अक्षरे हळूहळू वर आली. कारखान्याचे नाव वाचता येत नव्हते. सालाचे पहिले दोन आकडे ‘१८’ असे स्पष्ट होते, पुढचे दोन गंजाने खाल्लेले. कार्यकर्ते पोरगे उडालेच, ‘सर, मिळाला पुरावा!’

मामांनीच त्याला थांबवले. ‘आरं, ह्यो रूळ कवा ओतला त्ये लिवलंय, हितं कवा आला त्ये न्हाई.’ मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला तेव्हा मीटरगेजचे हलके रूळ निघाले. असे रूळ कुंपणाला, फाटकाला, शेडच्या खांबाला सर्रास वापरतात आणि एका विभागातून दुसऱ्या विभागातही जातात. म्हणजे रुळावरचे साल फार तर त्या लोखंडाचे. मार्गाबद्दल ते थोडेफार सांगेल, स्थानकाबद्दल काहीच नाही. आयुष्यभर लाईनवर चाललेल्या माणसाने हे एका वाक्यात सांगितले. गटात पुराव्याची खरी शिस्त तिथून आली, असे मी मानतो.

निर्णय असा झाला: मथळ्यातून ‘स्थापना’ शब्द काढायचा आणि लिहायचे, ‘मिरज–कोल्हापूर लोहमार्ग, १८९१’.

दुसरा टप्पा: महाराजांचे नाव

इथे बैठक तापली. ज्येष्ठ कार्यकर्ते उठून उभे राहिले. ‘महाराजांचं नाव काढायचं, आन् त्ये बी जयंतीला? ह्ये चालायचं न्हाई बघा.’ त्यांच्या रागामागची भावना खरी होती. कोल्हापुरात शाळा, वसतिगृह, तलाव, तालीम, ज्याला हात लावाल तिथे महाराजांची खूण आहे. मग रेल्वेचे श्रेय त्यांचे नाही, हे ऐकवणार कसे?

मुख्याध्यापकांनी वाद न घालता सालांचा क्रम फळ्यावर मांडला. १८८४ ला दत्तक विधान. १८८८ ला लोहमार्गाच्या कामाचा शुभारंभ बाल महाराजांच्या हस्ते. १८९१ ला गाडी सुरू, तेव्हा महाराज धारवाडला त्यांचे शिक्षक फ्रेझर यांच्याकडे शिकत होते आणि संस्थानचा कारभार कौन्सिलकडे, म्हणजे कारभारी मंडळाकडे, होता. २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार हाती आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९५ ला, स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसू लागली आणि गुळाचा बाजार तिथे आला. पुढे याच मार्गावर, वडिलांच्या नावाने, जयसिंगपूर उभे राहिले.

मग ते म्हणाले, ‘नाव काढत नाही आपण. जिथं जास्त शोभतं तिथं घालतोय.’ रेल्वे आली तेव्हा महाराज विद्यार्थी होते. रेल्वेचे करायचे काय, हे मात्र त्यांनी ठरवले. गाडी येऊन थांबणाऱ्या जागेला त्यांनी पेठ दिली. शेतकऱ्याचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणि मालगाडीचा डबा यांच्यातले अंतर कमी केले. एखाद्या राज्यकर्त्याचे यापेक्षा मोठे रेल्वेकार्य कोणते? ज्येष्ठ कार्यकर्ते बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी एवढेच मागितले की १८८८ चा शुभारंभ महाराजांच्या हस्ते झाला हे वाक्य राहिले पाहिजे. ते खरेच होते, राहिले.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. फक्त ‘हे चूक आहे’ म्हणून थांबलो असतो तर गट तिथेच फुटला असता. चुकीच्या वाक्याच्या जागी अधिक भरीव वाक्य तयार होते, म्हणून तो टिकला.

तिसरा टप्पा: आठवणी

सिंधी वस्तीतल्या आठवणी शेठच्या ओळखीने मिळाल्या. एक आजी, लहानपणी इथे आलेल्या, आता चौऱ्याऐंशीच्या घरात. अस्सल कोल्हापुरीत बोलतात, मध्येच सुनेला सिंधीत हाक मारतात. त्या म्हणाल्या, ‘रात्रीचं उतरलो. आई विचारायला लागली, आता पुढची गाडी कधी? तिला वाटलं अजून जायचंच आहे.’ सिंधहून निघाल्यापासून एवढे मुक्काम झाले होते की हा शेवटचा आहे हे तिला पटेना. बराकी लांबलचक, कौलारू, एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. आधी इथे कोण राहत होते हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले.

दुसऱ्या घरातले काका मात्र ठामपणे म्हणाले की त्यांचे कुटुंब कोल्हापूर स्टेशनवर उतरून ट्रकने आले, वळिवड्याला कोणी उतरलेच नाही. आता खरे कोणाचे? प्राध्यापक ताईंचे मत पडले की दोन्ही ठेवावे. वेगवेगळी कुटुंबे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाटांनी आली. एकाच्या आठवणीने दुसऱ्याची खोटी ठरत नाही. फक्त ‘सर्व सिंधी कुटुंबे या स्थानकावर उतरली’ असे वाक्य लिहायचे नाही.

मामांनीही एक प्रश्न टाकला, जो कोणाच्याच डोक्यात नव्हता. ‘समदं आलेल्यांचं लिवलं. लाईन राखली त्यांचं काय?’ वळिवडे आणि रुकडी यांच्या मध्ये पंचगंगेवर रेल्वेपूल आहे. पूर चढला की पुलाखालच्या पाण्यावर रात्रंदिवस नजर ठेवावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या मार्गावरची वाहतूक बंद ठेवावी लागली होती. पावसात, बॅटरी हातात घेऊन, पाणी कुठल्या खुणेला लागले ते सांगत उभ्या राहिलेल्या माणसांमुळे हा मार्ग सुरक्षित राहिला. हा मजकूर नंतर वाढवला, आणि पाहणारे आज सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतात.

समोरचे पर्याय

जागेचा आणि साधनाचा प्रश्न राहिला होता. फ्लेक्स छापून स्थानकाच्या कुंपणाला बांधावा, ‘कोण विचारतंय’, असे तरुणांचे म्हणणे. पण जागा रेल्वेची. विनापरवाना काही लावले की जाब ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला द्यावा लागतो. शिवाय फ्लेक्स एका पावसाळ्यात विटतो. हा पर्याय लगेच बाद झाला.

शेठची इच्छा काळ्या दगडाच्या कोरीव शिळेची होती, खाली वडिलांचे नाव. शिळा टिकते, पण कोरलेली चूकही तितकीच टिकते. आमच्याकडे तेव्हा निम्म्या वाक्यांना कागदाचा आधार होता, निम्म्यांना आठवणीचा. मुख्याध्यापकांना पुस्तिका हवी होती. ती खरी उपयोगाची, पण गाडीची वाट पाहणारा माणूस पुस्तिका घेऊन बसत नाही.

प्राध्यापक ताईंनी चौथा मार्ग काढला. जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात चौकटी लावायच्या, आतले कागद बदलता येतील अशा. रेल्वेकडे रीतसर अर्ज करायचा आणि परवानगी येईपर्यंत मजकूर शाळेत लोकांसमोर तपासून घ्यायचा. दगडाचा विचार त्यानंतर.

शेठना हे पटवणे सोपे नव्हते. वडिलांच्या नावाची शिळा हे त्यांचे जुने स्वप्न होते. ताई त्यांच्या घरी गेल्या आणि वडिलांनी पेठेत पहिले दुकान कसे टाकले ते दोन तास बसून रेकॉर्ड करून घेतले. निघताना शेठ म्हणाले, ‘हे लिहा, शिळा राहू दे.’

काय केले

चौकटी विषयवार केल्या: लोहमार्ग, शाहूपुरी आणि गुळाचा बाजार, पोलिश छावणी, गांधीनगर, १९७१ चे गेजरूपांतर आणि लाईन राखणारी माणसे. प्रत्येक परिच्छेदाखाली बारीक अक्षरांत एक शब्द छापला: ‘कागद’ किंवा ‘आठवण’. म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की हे कुठून आले. पोलिश छावणीच्या चौकटीत बालाचडी आणि वळिवडे शेजारी शेजारी दिले, कारण गोंधळ तिथेच होतो. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिशांच्या आठवणीचा स्तंभ आहे, त्याचाही उल्लेख केला, म्हणजे उत्सुक माणूस तिथे जाऊन पाहील.

गेजरूपांतराच्या चौकटीसाठी मुलांनी व्हरांड्याच्या फरशीवर दोन जोड्या रेषा आखल्या, एक मीटर अंतराची आणि १६७६ मिलिमीटरची. त्या रेषांमध्ये उभे राहिले की १९७१ आधीची गाडी केवढी लहान होती ते अंगाला कळते. त्या काळी पुणे–मिरज मार्गही मीटरगेजच होता, त्यामुळे मुंबईहून कोल्हापूरला येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे. दूरदेशीच्या माणसांना इथवर पोहोचायला किती उतरचढ करावी लागली असेल, हे मुलांना त्या रेषांवरून समजावता आले.

काय निष्पन्न झाले

शाहू जयंतीला चौकटींचे उद्घाटन ठरल्याप्रमाणे झाले. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीच नारळ फोडला. पहिल्या काही आठवड्यांतच दुरुस्त्या आल्या. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने दाखवून दिले की ‘जुने स्थानक’ म्हणून लावलेल्या फोटोतला फलाट रूपांतरानंतरचा आहे. फोटोखालची ओळ दुसऱ्या दिवशी बदलली. शिळा केली असती तर हे जमले नसते.

रेल्वेकडचा अर्ज प्रक्रियेत आहे. त्यामुळे ज्या स्थानकासाठी हे सगळे सुरू झाले, तिथल्या प्रवाशाला अजूनही पिवळ्या पाटीशिवाय काही दिसत नाही. ही उणीव मोठी आहे. शाळा सुट्टीत बंद असते आणि पाहायला येणाऱ्या बाहेरच्या माणसाला परत जावे लागते.

वेगळे काय करता आले असते

सिंधी कुटुंबांकडे सर्वांत शेवटी गेलो, ते सर्वांत आधी जायला हवे होते. कागद पुरालेखागारात किंवा ग्रंथालयात अजून काही वर्षे थांबतील, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींची आठवण थांबणार नाही. आठवणी आधी, कागद मागून, हा क्रम अशा कोणत्याही कामात धरावा.

अनावरणाची तारीख मजकुराआधी ठरली. जयंतीचा मुहूर्त सगळ्यांना एकत्र आणायला उपयोगी पडला, पण मजकूर तपासायला वेळ कमी पडला आणि फोटोची चूक त्यातूनच राहून गेली. तारीख चौकटींच्या उद्घाटनाला ठेवावी, कायमच्या फलकाला ठेवू नये.

रेल्वेचा अर्ज पहिल्याच बैठकीनंतर द्यायला हवा होता. मजकूर पक्का झाल्यावर देऊ, असे म्हणत महिने गेले. जागेचा अर्ज आणि मजकुराचा अर्ज वेगळे करता येतात. पोलिश बाजूच्या आठवणीही अनुवादित मजकुरावरच अवलंबून राहिल्या. भारतात राहून गेलेल्या पोलिशांनी आपली संघटना करून आठवणी आणि फोटो जपले आहेत. त्यांच्याशी सुरुवातीलाच पत्रव्यवहार केला असता तर छावणीतल्या शाळा, चर्च आणि नाटकांबद्दल कितीतरी भरीव लिहिता आले असते.

स्थानकाचे साल शोधणे चालूच आहे. त्यासाठी सर्वांत कामाची वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे जुने तिकीट. त्यावर स्थानकाचे नाव असते, बऱ्याचदा रेल्वे कंपनीची आद्याक्षरेही, आणि तारीख ठोकलेली असते. सदर्न मराठा रेल्वेची पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली आणि ती १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे त्या कंपनीच्या आद्याक्षरांचे आणि वळिवड्याच्या नावाचे एक तिकीट जरी मिळाले, तरी स्थानक त्याआधीचे हे कागदावर सिद्ध होते. १९७१ पूर्वीची तिकिटे, पास, मालाच्या पावत्या किंवा वेळापत्रके परिसरातल्या कोणाच्या ट्रंकेत असतील, तर शाळेत आणून दाखवावीत. ती तिथेच फोटो काढून लगेच परत दिली जातात.